गिट अपडेट करण्याआधी: मशीनवर नेमकं कोणतं गिट चालतंय ते बघा

इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला, ‘फिनिश’ दाबलं, नवी विंडो उघडली आणि टर्मिनल तरीही गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीचा जुनाच आकडा दाखवतंय. सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ही तक्रार येते, तशीच ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या छोट्या ऑफिसांतूनही येते. बहुतेक वेळा अपडेट झालेलं असतं, पण भलत्याच गिटचं. एका मशीनवर दोन-तीन गिट नांदत असणं आता नेहमीचं झालंय. म्हणून आधी कोणतं गिट चालतंय ते शोधायचं, मग ते ज्या वाटेने मशीनवर आलं त्याच वाटेने अपडेट करायचं. हा क्रम उलटा केला की घोळ वाढतो.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, तीही लहान वापरा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. डॅश, टिंब आणि तिरक्या रेघा जशाच्या तशा द्यायच्या.

आकडा वाचायचा कसा

गिट --व्हर्जन

उबंटूवर उत्तर येतं ‘गिट व्हर्जन २.४३.०’. विंडोजवर त्याला शेपूट असतं, ‘२.४५.१.विंडोज.१’. मॅकवर आकड्यापुढे कंसात ‘ॲपल गिट’ असं दिसलं, तर ते ॲपलच्या डेव्हलपर टूल्समधून आलेलं आहे.

पहिला आकडा मे २०१४ पासून २ आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. दुसरा आकडा नव्या सोयींचा, तो साधारण दोन-अडीच महिन्यांनी वाढतो. तिसरा दुरुस्त्यांचा, आणि लोक नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. १४ मे २०२४ रोजी २.४५.१ आलं, ते एक गंभीर भोक बुजवायला. सबमॉड्यूल (आत जोडलेला दुसरा प्रोजेक्ट) असलेली खोडसाळ रिपॉझिटरी (गिटने सांभाळलेलं प्रोजेक्टचं फोल्डर) नुसती क्लोन केली, म्हणजे मशीनवर उतरवून घेतली, तरी विंडोज आणि मॅकवर परका कोड चालू शकत होता. तीच दुरुस्ती त्याच दिवशी २.४४.१, २.४३.४ अशी मागे थेट २.३९.४ पर्यंतच्या मालिकांमध्येही दिली गेली. म्हणजे या भोकापुरतं २.३९.४ सुरक्षित आणि २.४५.० असुरक्षित. जुलै २०२५ मध्ये पुन्हा तसंच झालं. २.५०.१ सोबत २.४३.७ पर्यंतच्या मालिकांना दुरुस्त्या मिळाल्या, आणि त्यातलं सबमॉड्यूलचं मोठं भोक लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी होतं. दुसरा आकडा मोठा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

उबंटूचा हिशेब वेगळा. २२.०४ वर २.३४.१ आणि २४.०४ वर २.४३.० मिळतं, आणि हे आकडे वर्षानुवर्षं तिथेच राहतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या उबंटूवाले त्याच आवृत्तीत मागून शिवतात, त्यामुळे --व्हर्जनमध्ये काही फरक दिसत नाही. तो बघायचा तर

एपीटी पॉलिसी गिट

यात ‘इन्स्टॉल्ड’ आणि ‘कँडिडेट’ अशा दोन ओळी येतात, आकड्याला ‘उबंटू’चं शेपूटही दिसतं. ‘सुडो एपीटी अपडेट’ मारल्यावर दोन्ही ओळी सारख्या असतील तर पॅकेज ताजं आहे. केवळ सुरक्षेच्या काळजीने अशा मशीनवर नवं गिट टाकायची गरज नसते.

गरज पडते ती सोयींसाठी. ‘गिट स्विच’ आणि ‘गिट रिस्टोअर’ ऑगस्ट २०१९ च्या २.२३ पासून आहेत. ‘गिट इनिट -बी मेन’ २.२८ पासून चालतं, एसएसएच किल्लीने कमिटवर सही करणं २.३४ पासून, आणि पहिल्या पुशला (बदल सर्व्हरवर पाठवताना) अपस्ट्रीम, म्हणजे तिकडची जोडीची ब्रँच, आपोआप लावणारी सेटिंग २.३७ पासून. लॅबच्या जुन्या सर्व्हरवर सेंटओएस ७ असेल तर त्याच्यासोबत आलेलं गिट १.८.३.१ असतं. यूट्यूबवरच्या धड्यात ‘गिट स्विच’ बघून ते तिथे मारलं की ‘ही गिटची कमांड नाही’ एवढंच उत्तर येतं. विद्यार्थ्याला वाटतं आपलं स्पेलिंग चुकलं.

चालतंय ते गिट कुठलं?

विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये

व्हेअर गिट

पॉवरशेलमध्ये हीच कमांड गप्प बसते, कारण तिथे ‘व्हेअर’ हे गाळणी लावणाऱ्या दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे. तिथे ‘व्हेअर.ईएक्सई गिट’ असं पूर्ण लिहा. लिनक्स, मॅक आणि गिट बॅशमध्ये

टाइप -ए गिट

प्रत्येक ओळ म्हणजे मशीनच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सापडलेला गिटचा एक रस्ता, आणि चालतं ते पहिल्या ओळीतलं. उबंटूवर ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एकच असल्याने एकच गिट दोनदा दिसू शकतं. ‘प्रोग्राम फाइल्स\गिट\सीएमडी’ असेल तर ते नेहमीच्या इन्स्टॉलरने सगळ्या युजरसाठी टाकलेलं. ‘ॲपडेटा\लोकल\प्रोग्राम्स\गिट’ असेल तर ॲडमिनचा पासवर्ड नसताना फक्त स्वतःच्या लॉगिनपुरतं टाकलेलं. ॲनाकोंडाच्या फोल्डरमधला रस्ता दिसला तर ते कोंडाने आणलंय, ते ‘कोंडा अपडेट गिट’ने वाढवायचं. इन्स्टॉलर चालवून त्याला काही फरक पडत नाही.

‘अपडेट केलं पण आकडा तोच’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. विंडोज आधी सिस्टिमचा पाथ वाचतं आणि मग युजरचा. लॅबमध्ये ॲडमिनने कधीकाळी टाकलेलं जुनं गिट सिस्टिमच्या पाथमध्ये असतं. विद्यार्थी स्वतःच्या लॉगिनला नवं टाकतो, ते युजरच्या पाथमध्ये जातं, आणि रांगेत मागे उभं राहतं. नवं गिट कितीही वेळा टाका, चालणार जुनंच. उपाय एकच, ॲडमिन लॉगिनने जुनं अपडेट करणं किंवा काढून टाकणं. नुसता पाथचा क्रम हलवून काम भागतं, पण सहा महिन्यांनी कुणाला ते आठवत नाही.

काही गिट या यादीत दिसतच नाहीत. गिटहब डेस्कटॉप स्वतःचं गिट पोटात घेऊन येतं आणि त्याच्याच अपडेटसोबत ते बदलतं. व्हिज्युअल स्टुडिओही आपलं गिट सोबत आणतो. डब्ल्यूएसएलमधल्या (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीतल्या) उबंटूचं गिट पूर्ण वेगळं, विंडोजवर काहीही केलं तरी ते जागचं हलत नाही. व्हीएस कोडमध्ये आउटपुटच्या पॅनेलमधून ‘गिट’ निवडा, वरच्या ओळींत ‘यूजिंग गिट’ लिहून आकडा आणि रस्ता दोन्ही दिलेले असतात. पायचार्ममध्ये सेटिंग्जच्या व्हर्जन कंट्रोल भागात गिटच्या रस्त्याशेजारी ‘टेस्ट’ बटण आहे, ते दाबलं की आकडा कळतो.

एक छोटी गोष्ट. उघडं असलेलं टर्मिनल जुना पाथ धरून बसतं. ते बंद करून नवं उघडा. व्हीएस कोडमधलं टर्मिनल असेल तर अख्खा व्हीएस कोड बंद करावा लागतो. लिनक्सवर ‘हॅश -आर’ मारलं तरी पुरतं.

विंडोजवर अपडेट

अपडेटच्या आधी जुनं गिट काढू नका. अनेकांना ही सवय असते, आणि तिथेच चूक होते. वरून नवं टाकलं तर इन्स्टॉलर मागच्या वेळची उत्तरं लक्षात ठेवतो, आणि ‘फक्त नवे पर्याय दाखवा’ हा चौकोन टिक केला की दोन-तीन क्लिकमध्ये काम होतं. आधी काढलं तर एडिटर, ओळींची शेवटं, पाथ असे सगळे प्रश्न पहिल्यापासून येतात, आणि घाईत ‘नेक्स्ट’ दाबत गेलं की एडिटर म्हणून व्हिम येऊन बसतो.

एकट्या लॅपटॉपसाठी सोपी वाट म्हणजे

गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज

हे २.१६.१ च्या सुमारापासून आहे. नवं काही असेल तर विचारतं, होकार दिला की उतरवून घेतं आणि इन्स्टॉलर चालू करतं. किंवा विंडोज १० आणि ११ वर

विंगेट अपग्रेड --आयडी गिट.गिट -ई

यात ‘गिट.गिट’मधली दोन्ही जी मोठी हवीत, कारण -ई दिल्यावर नाव अक्षरशः जुळावं लागतं.

लॅबसाठी मात्र पहिली वाट धरू नका. ती कमांड नवी आवृत्ती आहे का हे गिटहबच्या एपीआयला विचारते, आणि लॉगिनशिवाय विचारणाऱ्या एका आयपी पत्त्याला तिथे तासाला ६० विनंत्यांची मर्यादा आहे. कॉलेजची सगळी मशीन बाहेर एकाच पत्त्याने जातात. दोन लॅबनी एकाच वेळी कमांड मारली की निम्म्या मशीनवर ती अडते आणि दोष नेटवर्कला लागतो. त्यापेक्षा ६४ बिटचा इन्स्टॉलर एकदाच उतरवा (६०-७० एमबीच्या आसपास असतो), शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक मशीनवर ॲडमिन म्हणून त्याच्या नावापुढे ‘/व्हेरीसायलेंट /नोरीस्टार्ट’ जोडून चालवा. प्रश्न न विचारता काम होतं. पेनड्राइव्हवरून फिरवत असाल तर आधी

सर्टयुटिल -हॅशफाइल (फाइलचं नाव) एसएचए२५६

मारून आलेला आकडा रिलीजच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. लॅबमध्ये फिरणाऱ्या पेनड्राइव्हवर व्हायरस नसेल अशी खात्री कुणी देऊ नये.

इन्स्टॉल करताना गिट बॅश आणि व्हीएस कोड बंद ठेवा. मागे एसएसएच-एजंट चालू राहिला असेल तर इन्स्टॉलर त्याचं नाव दाखवून थांबतो, तो टास्क मॅनेजरमधून बंद करा. मध्येच लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही, इन्स्टॉलर पुन्हा चालवा. तुमच्या रिपॉझिटरी आणि युजर फोल्डरमधली ‘.गिटकॉन्फिग’ यांना तो हात लावत नाही.

पहिल्यांदाच टाकत असाल तर दोनच पडद्यांवर थांबून विचार करावा. पाथच्या पडद्यावर मधला, शिफारस केलेला पर्याय घ्या. तिसरा घेतला तर विंडोजच्या ‘फाइंड’ आणि ‘सॉर्ट’ची जागा युनिक्सची त्याच नावाची साधनं घेतात आणि कारखान्यातल्या जुन्या बॅच फाइली अचानक रुसतात. दुसरा पडदा एचटीटीपीएसचा. कॉलेजच्या फायरवॉलने स्वतःचं सर्टिफिकेट घातलेलं असेल तर ‘विंडोज सिक्युअर चॅनेल’ निवडा. आधीच ओपनएसएसएल निवडलेलं असेल आणि क्लोन करताना सर्टिफिकेटची तक्रार येत असेल, तर

गिट कॉन्फिग --ग्लोबल एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड एसचॅनेल

सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाकणारी सेटिंग मित्रमंडळींत फिरत असते. ती वापरू नका, तिने दुखणं बरं होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

विंडोज ७ आणि ८ वर चालणारी शेवटची मालिका २.४६ आहे. बिलिंगच्या मशीनवर अजून विंडोज ७ असेल तर गिट तिथेच थांबलं असं समजा, आधी विंडोजचं बघा.

लिनक्स आणि मॅक

उबंटूवर

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड गिट

मशीन नुकतंच चालू केलं असेल तर ‘लॉक मिळालं नाही’ असं येऊ शकतं. मागे उबंटूचं आपोआप होणारं अपडेट चालू असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल हाताने उडवायचा सल्ला मिळेल, पण तसं केल्याने पॅकेजांचा हिशेब अर्धवट राहतो आणि मग खरा त्रास सुरू होतो.

उबंटूच्या साठ्यापेक्षा नवं हवं असेल तर गिटचा पीपीए (पॅकेजांचा वेगळा, जादा साठा) आहे:

सुडो ॲड-एपीटी-रिपॉझिटरी पीपीए:गिट-कोअर/पीपीए

आणि वरच्या दोन कमांड पुन्हा. हा पीपीए उबंटूचाच, डेबियनवर लावू नका, तिथे बॅकपोर्ट्स बघा. फेडोरावर ‘सुडो डीएनएफ अपग्रेड गिट’ एवढ्याने काम होतं. उबंटू २०.०४ वर अजून २.२५.१ चालवत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला आहे, गिटच्या आधी उबंटूच बदला.

सोर्सवरून बिल्ड करण्याचा मोह टाळलेला बरा. करायचंच असेल तर लिबकर्लचं (एचटीटीपीएसने जोडणाऱ्या लायब्ररीचं) डेव्हलपमेंट पॅकेज आधी टाका. ‘./कॉन्फिगर’ची वाट धरली तर ते नसलं तरी बिल्ड कुरकुर न करता पूर्ण होतं, --व्हर्जन नवा आकडा दाखवतं, आणि पहिल्याच क्लोनला ‘रिमोट-एचटीटीपीएस ही गिटची कमांड नाही’ असं उत्तर मिळतं. आणखी एक. हाताने टाकलेलं गिट ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये बसतं आणि पाथमध्ये एपीटीच्या गिटच्या पुढे असतं. यानंतर एपीटीने कितीही सुरक्षेच्या दुरुस्त्या आणल्या तरी त्या मागच्या गिटला लागतात, पुढचं तसंच जुनं होत राहतं.

मॅकवर ‘/यूएसआर/बिन’मधलं ॲपलचं गिट बदलता येत नाही, ते कमांड लाइन टूल्सच्या अपडेटसोबतच वाढतं. नवं हवं तर होमब्रू या पॅकेज मॅनेजरने ‘ब्रू इन्स्टॉल गिट’, पुढे ‘ब्रू अपग्रेड गिट’. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर ते ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’मध्ये जातं, इंटेलवर ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये. नव्या टर्मिनलमध्येही ‘ॲपल गिट’च दिसत असेल तर होमब्रू टाकताना शेवटी छापलेल्या पाथच्या ओळी चालवायच्या राहिल्यात.

अपडेटनंतर जे अडतं

सगळ्यात जास्त गोंधळ उडवणारा संदेश म्हणजे ‘डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप’. काल चालणारं फोल्डर आज गिट उघडायलाच तयार नसतं. ही तपासणी एप्रिल २०२२ च्या २.३५.२ पासून आली, म्हणून त्याआधीच्या गिटवरून थेट नव्यावर उडी मारली की ती समोर येते. फोल्डरचा मालक आणि गिट चालवणारा युजर वेगळे असतील तर गिट थांबतं. लॅबमध्ये हे तीन प्रकारे होतं. डी ड्राइव्हवरचं फोल्डर दुसऱ्या लॉगिनने क्लोन केलेलं असतं, किंवा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेल्या खिडकीतून बनवलेलं असतं, किंवा प्रोजेक्ट एक्सफॅट पेनड्राइव्हवर असतो आणि त्या फाइल सिस्टिममध्ये मालक नावाची नोंदच नसते.

गिट नेमकं काय टाळतंय ते समजून घ्या. एखाद्याने सामायिक मशीनवर डी ड्राइव्हच्या मुळाशी ‘.गिट’ नावाचं फोल्डर बनवलं आणि त्यातल्या कॉन्फिगमध्ये एखादा प्रोग्राम चालवायची ओळ घातली. तुम्ही डी ड्राइव्हवरच्या कुठल्याही साध्या फोल्डरमध्ये ‘गिट स्टेटस’ मारलंत, तर जुनं गिट वर वर शोधत तिथपर्यंत पोचायचं आणि तो प्रोग्राम तुमच्या नावाने चालवायचं. नवं गिट आधी विचारतं की हे फोल्डर तुमचं आहे का.

फोल्डर ओळखीचं असेल तर संदेशातच दिलेली ओळ जशीच्या तशी कॉपी करा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल --ॲड सेफ.डिरेक्टरी (फोल्डरचा पूर्ण रस्ता)

रस्त्याच्या जागी नुसतं ताऱ्याचं चिन्ह (*) टाकून तपासणी कायमची गप्प करता येते. घरच्या लॅपटॉपवर ते चालून जाईल, लॅबमध्ये नको. तिथे स्वतःच्या लॉगिनने पुन्हा क्लोन करणं जास्त स्वच्छ.

पुश करताना ‘क्रेडेन्शियल-मॅनेजर-कोअर ही गिटची कमांड नाही’ आलं तर जुन्या कॉन्फिगमध्ये पासवर्ड सांभाळणाऱ्या मदतनीसाचं जुनं नाव राहिलंय. आता त्याचं नाव नुसतं ‘मॅनेजर’ आहे:

गिट कॉन्फिग --ग्लोबल क्रेडेन्शियल.हेल्पर मॅनेजर

तरीही तेच आलं तर ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर’ने जुनी ओळ कुठल्या फाइलमध्ये आहे ते शोधा आणि तिथून काढा.

‘गिट पुल’ नव्याने अडून ‘फाटा फुटलेल्या ब्रँच कशा जुळवू’ असं विचारत असेल तर गिट बिघडलेलं नाही. २.२७ पासून ते याची सूचना देत होतं, २.३३ पासून काही ठरवल्याशिवाय पुढे जात नाही. जुनी वागणूक हवी तर ‘पुल.रीबेस’ला ‘फॉल्स’ करा. टीममध्ये मर्ज कमिटांचा गुंता नको असेल तर ‘पुल.एफएफ’ला ‘ओन्ली’. कोणतंही घ्या, पण सगळ्यांनी एकच.

ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरला एसएसएचने जोडताना ‘एसएसएच-आरएसए’बद्दल तक्रार आली तर गिटसोबत आलेलं ओपनएसएसएच नवं झालंय. ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ वर आधारलेली ती जुनी सही मुळात बंद आहे. खरा इलाज सर्व्हरकडे आहे. तोवर एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका होस्टपुरती सूट द्या.

पुण्याच्या ऑफिसातला सहकारी २.३० वर आणि सोलापुरात बसलेले तुम्ही २.५० वर असाल तरी एकाच रिपॉझिटरीवर बिनधास्त काम करता येतं. रेफटेबल किंवा एसएचए-२५६ असे नवे साठवणीचे प्रकार कुणी मुद्दाम चालू केले, तरच जुनं गिट ते फोल्डर उघडत नाही.

लॅबचं अपडेट टर्म सुरू व्हायच्या आधी करा, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात मुळीच नको. मागे यायची वेळ आलीच तर विंडोजवर जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर वरून चालवा, तो एकदा खात्री विचारतो आणि खाली आणतो. म्हणून मागचा इन्स्टॉलर शेअर फोल्डरमधून लगेच उडवू नका. उबंटूवर ‘पीपीए-पर्ज’ने पीपीए काढला की साठ्यातलं गिट आपोआप परत बसतं. त्यानंतर पुन्हा एकदा ‘टाइप -ए गिट’ मारून पहिल्या ओळीत कोण आहे ते बघा.